तबकड्यांना दाखवलेले ऊन

जी वस्तू मनुष्य देवापेक्षाही अधिक सोवळ्यात ठेवतो, ती एक दिवस त्याची फजिती करते. परभणीच्या दिनकररावांना हे साठी उलटल्यावर कळले.

त्यांच्या घरी देव्हाऱ्याशेजारी एक कपाट होते आणि त्यात इंग्रजी रॉक संगीताच्या जुन्या तबकड्या होत्या. देवाला हात लावण्याची मुभा घरात सर्वांना होती, तबकड्यांना नव्हती. प्रत्येक तबकडीला एकेक आठवण चिकटलेली. ही नोकरी लागली तेव्हाची, ती लग्न ठरले तेव्हाची (ती ते क्वचितच लावीत). सर्वांत मोलाची मात्र आदिनाथाची. कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात दोघे एका खोलीत राहत. आदिनाथाने ती हैदराबादेहून आणली होती आणि शिक्षण संपवून जिंतूरकडे शेती करायला निघताना मित्राच्या हाती दिली होती. "जिवासारखी सांभाळ," एवढेच तो म्हणाला होता.

त्याच आदिनाथाचा वैशाखात फोन आला. "दिन्या, उद्या येतो. ती तबकडी हाय ना? एकदा ऐकू दे बाबा."

"जशी दिलीस तशी आहे," दिनकरराव म्हणाले. मग त्यांनी कपाट उघडून वास घेतला. वास कुबट होता.

त्यांच्या पत्नी कस्तुराबाई वैशाखात तूरडाळ, गाद्या, लोणच्याच्या बरण्या, सर्वांना ऊन दाखवीत. उन्हाने कुबटपणा जातो, हे दिनकररावांनी जन्मभर पाहिले होते. (पाहणे निराळे, समजणे निराळे.) त्यांनी गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडयांच्या शेजारी चादर अंथरली, तबकड्या ओळीने मांडल्या, "कोणीही हात लावायचा नाही," असे पत्नीला बजावले आणि खाली येऊन आडवे झाले.

जाग आली तेव्हा उन्हे कलली होती. गच्चीवरच्या कुरडया डब्यात गेल्या होत्या. तबकड्या जागच्या जागी होत्या. पण काहींचे द्रोण झाले होते, आणि आदिनाथाच्या तबकडीची कड भाजलेल्या पापडासारखी वर आली होती.

"अगं, हे होताना तू पाहिलं नाहीस?"

"पाहिलं की! लय येळ बघायले व्हते. आधी ही कड उचलली, मंग ती. मला तर नवलच वाटलं."

"मग उचलल्या का नाहीस?"

"आवो, तुमीच म्हणलात ना, हात लावायचा न्हाई."

आज्ञाधारक पत्नीवर रागावण्याची सोय शास्त्राने ठेवलेली नाही. दिनकररावांनी तबकडी जड पाट्याखाली दाबली, देवापुढे दिवा लावला आणि उद्यापुरती लाज राखण्याची विनंती केली. देव ऐकतो, वाकडी तबकडी ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी आदिनाथ आला, चहा झाला, आणि तबकडी यंत्रावर चढली. जन्मभर जिला स्पर्शही करता आला नाही ती वाजते तरी कशी, हे पाहायला कस्तुराबाई यंत्राजवळच बसल्या. सुई खड्ड्यांतल्या एसटीसारखी वर-खाली होऊ लागली. गायकाचा आवाज चढला, खचला, पुन्हा चढला. दिनकररावांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आदिनाथ रडत होता.

"हेच, दिन्या, हेच! हॉस्टेलात लाईट डीम व्हायची अन् गाणं असंच झोपायचं, पुन्हा उठायचं. आठवतं का? परवा मोबाईलवर ऐकलं, तर सरळच वाजायलं. म्हणलं, हे आपलं न्हाई. तू जशीच्या तशी ठेवली रे!"

खरे बोलण्याची संधी देव मनुष्याला एकदा तरी देतो. दिनकररावांनी ती नम्रपणे नाकारली. "जपावं लागतं," ते म्हणाले. "त्याला शिस्त लागते."

"फक्त ती मधली टक-टक आठवंना मला."

"ती मूळ ध्वनिमुद्रणातलीच. जाणकारालाच ऐकू येते."

कस्तुराबाईंना आता राहवेना. "लावू का हात?" त्यांनी विचारले. मित्रासमोर दिनकररावांना नाही म्हणवेना.

कस्तुराबाईंनी यंत्र थांबवले, तबकडी डोळ्यांजवळ नेली, नखाने हळूच काहीतरी खरवडले आणि जिभेवर ठेवले.

"वैनी, काय हाय ते?" आदिनाथाने विचारले.

"आमची कुरडई," कस्तुराबाई म्हणाल्या. "हिला मात्र ऊन मानवलं."