रिकामं बसायचं शूटिंग

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण पुण्यातल्या दिशाहीन तरुणांवरचा विनोदी चित्रपट दारव्ह्यात तयार झाला, आणि तोही पूर्ण.

रिकामपणा हा मोठ्या शहरांचा प्रमुख उद्योग आहे. दिग्दर्शक प्रफुल्लने पुण्यात पाच वर्षं राहून त्याचा जातीने अभ्यास केला होता. (अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता.) कथा थोर होती: तीन मित्र फ्लॅटच्या बाल्कनीत बसतात, शेवटी एकच उरतो, तोही बसतो. पुण्याची बाल्कनी परवडेना, म्हणून वडील सदाशिवरावांच्या घराची गच्ची पुणे म्हणून जाहीर झाली. मागचं सोयाबीनचं वावर उद्यान समजावं, असं ठरलं.

सदाशिवरावांची अट एकच. "कापूस वेचाले आला का कॅमेरा पेटीत अन् तू वावरात. तवरोक काय नाचाचं ते नाच."

नाचाची तरतूद बजेटमध्ये नव्हतीच. फक्त बसायचं होतं, आणि तिथेच प्रफुल्ल फसला. दारव्ह्यात बसलेला तरुण ही सार्वजनिक मालमत्ता असते. दिसेल त्याने वापरावी. चुलतभाऊ नयन, म्हणजे नायक, चेहऱ्यावर शून्य आणून बसला, तोच प्रफुल्लची आई इंदुताई फ्रेममध्ये शिरली. "बसूनच हाय तं एवढी डाळ निवड बाप्पा." पुढच्या टेकला शेजारच्या नलूकाकूने त्याच्या मांडीवर नातू ठेवला. त्यापुढच्या टेकला एक अनोळखी गृहस्थ (बोरी अरबचे, बस चुकलेले) त्याला सिलिंडर उचलायला घेऊन गेले. आठवड्याअखेर प्रगती अशी: डाळ दोन डबे, गल्लीतल्या गणपतीचा मांडव अर्धा, चित्रपट निरंक.

"भाऊ, मले खऱ्या पुण्याले घेऊन चाल," नयन रडकुंडीला आला. "तिथं बसू देते म्हणे."

इकडे कापसाची बोंडं फुटायला लागली. शेवटी प्रफुल्लने जिन्याच्या दाराला कुलूप ठोकलं, एकेक दृश्य उरकलं, आणि शेवटच्यात नयन चार मिनिटं निखळ बसला.

अंगणात चादर बांधून पिक्चर लावला. सदाशिवराव पुढेच बसलेले. त्यांना पटला तर पुढचा पिक्चर, नाही तर वावर. शेवटचं दृश्य आलं. चादरीवर नयन नुसता बसलेला. अंगणात चुळबुळ सुरू झाली. इंदुताईला राहवेना, ती उठली आणि चादरीपुढे डाळ भरलेलं सूप ठेवून आली. तर चादरीतल्या नयनने हात बाहेर काढला, सूप आत ओढलं आणि डाळ निवडायला लागला! सदाशिवरावांचे डोळे पाणावले. "पोट्टं कामाचं हाय! काढ बे दुसरा पिक्चर. कापूस आमी पाहून घेऊ."

"खोटं! साफ खोटं!" ही हकिकत इतका वेळ मांडीवर सूप घेऊन ऐकणारी नलूकाकू कडाडली. "मी होती ना तिथं! सूप ठेवलं ते खरं. पण डाळ सदाशिवभाऊनं निवडली, पिक्चर पाहता पाहता. सुपातली डाळ सरेलोक पिक्चर चालू ठेव म्हणे!" मग तिने थेट तुमच्याकडे पाहिलं. "अन् तुमी काहून आ करून वाचून राह्यले? हात मोकळेच दिसते. धरा हे सूप."