दिगंबरराव मंगळवारी मरतात

दिगंबरराव दर मंगळवारी सकाळी अकरा वाजता मरतात. सतरंजीवर आडवे होतात, चष्मा खिशात ठेवतात, अंगावर चादर ओढून घेतात आणि मरतात.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. दारात पाऊल टाकते तो समोर आमचे शेजारी निपचित पडलेले आणि भोवती दहा-बारा जण गुपचूप उभे. पर्स फेकून मी धावले आणि दोन्ही हातांनी त्यांची छाती दाबायला लागले. तिसऱ्या दाबाला मयत म्हणाली, "बाई, पुढे सरका. मी मरून राहिलो ना." दिगंबरराव जन्मभर अकोला-अमरावती गाडीवर कंडक्टर होते. माणसाला मागे सारायचं असलं तरी ते 'पुढे सरका'च म्हणतात.

हे घडलं आमच्या अमरावतीतल्या एका कार्यशाळेत. बौद्धिक दिव्यांग असलेली मोठी माणसं तिथे फुलवाती वळतात, कागदी पिशव्या करतात. मंगळवारी दिगंबररावांचा नाटकाचा तास. त्यांची मुलगी मंदाही तिथेच जाते. वय बेचाळीस, बोलणं मोजकं. मी शाळेत तीस वर्षं स्नेहसंमेलनं बसवलेली बाई, म्हणून मदतीला गेले होते. डोक्यात फुलपाखरांचे पंख आणि पुठ्ठ्याची झाडं होती. इथे निघाली मयत.

बाकीची नाटकं तशी साधी. भाजीवालीशी घासाघीस, चुकलेली एसटी, दवाखान्यातली सुई. सुई टोचली की सुधीर नावाचा धिप्पाड गडी इतका मनापासून ओरडतो की रस्त्यावरचे लोक डोकावतात. पण शेवटचं नाटक ठरलेलं. घरात बाबा मरतात आणि उरलेल्याने तीन कामं करायची. गॅस बंद, दार उघडं, शेजारी फोन. दिग्दर्शनही मयतच करते. "सुधीर, रडनं नंतर. आधी गॅस." सुधीर नाक पुसत गॅस बंद करतो.

मी संतापले. तास संपल्यावर त्यांना सरळ विचारलं, या लेकरांपुढे असलं अभद्र का मांडता? दिगंबरराव चहा ढवळत राहिले. मग सांगितलं. बायको गेली तेव्हा नातेवाईक म्हणाले, मंदाला काय कळतं, तिला कशाला त्रास. दिगंबररावांनी स्वतः तिला गाडीत बसवून तेल्हाऱ्याला मावशीकडे पाठवलं आणि तेरवी उरकल्यावर आणलं. आई गावाला गेली, असं सगळ्यांनी सांगितलं. मग वर्षभर मंदा रोज संध्याकाळी आईचं ताट वाढून दाराशी बसायची.

"मी तिले फसवलं, बाई," ते म्हणाले. "आता मी गेलो त ती माह्यापाशी बसून राहीन. मी उठाची वाट पाहत. दोन दिवस, तीन दिवस. कोनाले पत्ता लागाचा नाही."

भिंतीला भिंत लागून असलेलं घर, आणि हे माझ्या मनातही कधी आलं नव्हतं.

गंमत अशी की सगळा वर्ग तयार झाला, एकटी मंदा सोडून. तिची पाळी आली की ती चादर ओढून काढायची आणि म्हणायची, "उठा. भाजी थंडी झाली." दिगंबरराव उठायचे. लेक मला मरूच देत नाही, असं हसत सगळ्यांना सांगायचे, पण जाताना चपला घालायला त्यांना फार वेळ लागायचा.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी मंदा आपणहून उभी राहिली. मांडलेल्या खोक्याचा गॅस बंद केला. दार उघडलं. मग मूठ कानाला लावली. शेजारीण नेहमी मीच असते, मीही लावली.

"बाई, बाबा मेले."

सुधीरने टाळ्या वाजवल्या. नाटकात मला एवढंच वाक्य आहे: आलेच मी. ते मी म्हटलं. मंदाने मूठ खाली घेतली नाही.

"मंग मी तुमच्या घरी राहू?"

हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी गडबडून दिगंबररावांकडे पाहिलं. चादर हलत नव्हती. क्षणभर वाटलं, खरंच गेले. मग लक्षात आलं, माणूस श्वास रोखून ऐकतोय. गॅस, दार, फोन, सगळं त्यांनी इतक्या कसोशीने बसवलं, पण ही एक गोष्ट मला विचारायचा त्यांना धीर झाला नव्हता. मला त्यांचा राग आला आणि माझी स्वतःची लाज वाटली.

"राहा," मी म्हटलं. "तुझी उशी घेऊन ये."

चादरीखालून एक लांब श्वास सुटला. त्या दिवशी दिगंबरराव बराच वेळ उठले नाहीत. आम्हीही उठवलं नाही.