तरसाचे शुभेच्छुक

दुधाची पिशवी आणायला शेखर सकाळी चौकात गेला, वर बघितलं आणि जागीच थांबला. कमानीला रात्रीतून फ्लेक्स लागला होता. मधोमध पट्ट्यापट्ट्यांचं तरस, डोक्यावर सोनेरी मुकुट, आणि खाली गोल चौकटींत गावातली झाडून सगळी कर्ती माणसं, हात जोडून, शुभेच्छुक म्हणून.

फ्लेक्स सांगितला होता त्यानंच, तोही बायकोच्या प्रेमापोटी. प्राजक्ता वनरक्षक. चाकणच्या कंपन्यांमागं जो काही डोंगर उरलाय, त्यावर तरसाचं एक जोडपं पिल्लांसकट राहतं. ते तिथंच राहावं म्हणून सरकारी योजना आली होती. डोंगरावर राडारोडा टाकायचा नाही, गवत पेटवायचं नाही, त्यांच्या गुहेकडं फिरकायचं नाही, एवढंच. पण ग्रामसभेनं होकार दिला तरच ती लागू होणार, आणि ग्रामसभा आजच दुपारी होती. महिनाभर बिचारी दारोदार हिंडली. लोक चहा पाजायचे आणि म्हणायचे, तुझं समदं खरं, पण ते लेकरं उचलतंय. ते मेलेली जनावरं खातं, माणसाचा वास आला तरी पळतं, हे सांगून सांगून तिचा घसा बसला होता. ठराव पडला तर पिल्लांसकट ती गुहा राडारोड्याखाली जाणार होती, आणि या विचारानं तिला आठ दिवस जेवण गोड लागत नव्हतं.

गावात सगळ्यांत जास्त भ्यायचे सोपानतात्या, शेखरच्या वडलांचे चुलतभाऊ. डोंगराच्या पायथ्याला त्यांचे प्लॉट विकायला होते. तरसाचं नाव निघालं की गिऱ्हाईक पळेल, ही त्यांची धास्ती. तरस खाली उतरू नये म्हणून तात्या रोज संध्याकाळी काठी घेऊन पायथ्याला बसायचे, आणि त्यांच्यासमोर त्या जनावराचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती. आता त्याच जनावराच्या गालाला गाल लावून तात्यांचा फोटो होता, इतरांच्या दुप्पट मोठा. खाली ‘मार्गदर्शक व आधारस्तंभ’, आणि त्याखाली ‘प्लॉट मिळतील’ व मोबाइल नंबर.

शेखरनं फ्लेक्सवाल्या ज्ञानेशला फोन लावला. ज्ञानेश लातूरकडचा, अगदी शांत माणूस.

“भाऊ, तुमीच म्हणलाव की, नेहमीसारखा करा,” तो म्हणाला. “मग तुमच्या वडलांच्या, दादासाहेबांच्या वाढदिवसाची फाइल उघडली, साहेबांना काढलं, तिथं जनावर बसवलं.”

“आणि मुकुट?”

“मुकुट निघंनाच की ओ.”

आता फ्लेक्स उतरवावा म्हटलं, तर तेही सोपं नाही. आमच्याकडं एक वेळ माणसाला शिवी दिली तर तो विसरेल, पण त्याचा फोटो असलेला फ्लेक्स उतरवला तर दोन पिढ्या बोलणं बंद. शेखर शिडी घेऊन परत येईपर्यंत चौकात जत्रा जमली होती, आणि पोरांनी फ्लेक्सचे फोटो काढून पार रहाटणी-हिंजवडीच्या ग्रुपवर पाठवले होते. शेखरनं शिडी हळूच भिंतीला टेकवली आणि मागच्या गल्लीनं घर गाठलं.

घरी वेगळंच रामायण. प्राजक्ता ओसरीवर डोकं धरून बसली होती. दादासाहेब भिंतीकडं तोंड करून बसले होते, कारण अख्ख्या गावाचे फोटो होते आणि त्यांचा एकट्याचा नव्हता. त्यांच्या जागेवर तरस बसलं होतं. तेवढ्यात ज्योतीराम दारात. तो गावात राहायला आल्याला वीस वर्षं झाली, तरी आपल्याला कुणी शुभेच्छुकात धरत नाही म्हणून भांडून गेला. आणि जाता जाता सांगून गेला, तात्या सकाळपासून फोनवर आहेत, माणसं गोळा करतायत वाटतं.

ते ऐकलं आणि शेखरच्या आईनं, आक्काबाईंनी, देवापुढं दिवा लावला. शेखरनं दाराला आतून कडी घातली. तात्यांचा राग त्यानं लहानपणी पाठीवर सोसलेला होता.

“मी एकटी जाते सभेला,” प्राजक्ता म्हणाली. “निदान मारायचं असेल तर वर्दीवर हात टाकायला घाबरतील.”

तेव्हा मात्र शेखरला स्वतःचीच लाज वाटली. त्यानं कडी काढली आणि तिच्या मागून निघाला, दोन पावलं अंतर ठेवून.

देवळाच्या सभामंडपात कधी नव्हे ती गर्दी. प्राजक्तानं योजना वाचून दाखवली, बसलेल्या घशानं. सगळ्यांच्या नजरा दाराकडं. मग तात्या आले. हातात तीच काठी. ते थेट प्राजक्तासमोर जाऊन उभे राहिले, आणि शेखरनं डोळे मिटून घेतले.

“ठरावाला आपला पाठिंबा हाय,” तात्या म्हणाले आणि हात वर केला.

आधारस्तंभच हलला म्हटल्यावर शुभेच्छुक काय करणार? भराभर हात वर गेले. पुढच्या फ्लेक्सला राहून जायला नको म्हणून ज्योतीरामनं दोन्ही हात वर केले. दादासाहेबांनीही केला, भिंतीकडं बघत का होईना. ठराव मंजूर झाला आणि प्राजक्ता तिथंच रडली.

गर्दी पांगल्यावर तात्या हळूच तिच्याजवळ आले. इकडंतिकडं बघितलं. चेहरा घामानं डबडबलेला.

“सूनबाई, सकाळपास्नं हिंजवडीच्या आयटीतल्या पोरांचे फोन येत्यात. काका, तुमच्या प्लॉटला लागून खरंच जंगल हाय का, गच्चीवरून तरस दिसंल का. चौघं तर रविवारी विसार घेऊन येत्यात.” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “ते हाय ना गं डोंगरावर? जायाचं न्हाई ना कुठं?”

“कुणी त्रास दिला नाही तर राहील, तात्या. पण राडारोड्याचा ट्रक एक जरी वर गेला...”

तात्यांनी छातीवर हात ठेवला. ते ट्रक त्यांचेच होते.

त्या संध्याकाळपासून तात्या पुन्हा पायथ्याला बसतात. काठी तीच, दगड तोच, धास्तीही तेवढीच. फक्त आता ते डोंगराकडं पाठ करून, गावाकडं तोंड करून बसतात.