कपाटातला पॉडकास्ट

कपाटवाल्याच्या पोटात दुखायला लागलं ते समोरच्या गादीवाल्याने तोंड उघडल्यापासून.

त्याआधी गादीवाल्याने झोपेवर एक पुस्तक लिहिलं होतं. ते कोणी घेत नव्हतं, तोवर कपाटवाल्याला त्याच्याबद्दल आपुलकी होती. मग गादीवाल्याने पॉडकास्ट सुरू केला. माइकसमोर बसायचं आणि उशी, कूस, घोरणं यांवर गप्पा मारायच्या. लोक ऐकू लागले. पुस्तक संपलं, पुन्हा छापलं. गाद्या टेम्पोत मावेनात. एवढंही कपाटवाल्याने गिळलं असतं. पण त्याची स्वतःची बायको गल्ल्यावर बसून, कानात इअरफोन घालून तेच ऐकायची आणि खुदकन हसायची.

"एवढं काय हसायचं त्यात?"

"अहो, काय गोड बोलतात ते!"

"मी लग्नापासून बोलतोय. माझ्या बोलण्यावर कधी हसली नाहीस."

"तुम्ही बोलता कुठे? खेकसता."

हे वर्मी लागलं. आपणही पॉडकास्ट करायचा, बायकोला हसवून दाखवायचं, आणि जमेपर्यंत कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही, असं त्याने ठरवलं.

पण रेकॉर्डिंगला बसावं, तर रस्त्यावरचे भोंगे काही थांबेनात. शेवटी दुपारी, कारागीर जेवायला गेलेले पाहून, त्याने सगळ्यात मोठ्या कपाटाला आतून जुनी पांघरुणं ठोकली, फोन घेऊन आत बसला आणि दार ओढलं. खटका आपोआप बसला. तो बाहेरूनच उघडायचा. 'आमचा खटका चोराच्या बापालाही उघडता येणार नाही' असं तो गिऱ्हाइकांना नेहमी सांगे. मागे हवेसाठी जाळी होती, तेवढंच नशीब.

"मंडळी, गादीत काय असतं? कापूस! कपाटाला अक्कल लागते," त्याने सुरुवात केली आणि रंगात आला.

इतक्यात कपाट हललं आणि फोन हातातून निसटून पांघरुणांत गडप झाला.

"अरे! थांबा! मी आत आहे!"

पण जी पांघरुणं भोंगे आत येऊ देत नव्हती, ती त्याची हाक बाहेर कशी जाऊ देतील?

"वहिनी, काय वजन हो!" हमाल धापा टाकत म्हणाला.

"आमचा माल भरीवच असतो," बायको अभिमानाने म्हणाली. "नीट न्या, समोर गादीवाल्यांकडेच द्यायचंय, आत्ताच विकलंय. हे कुठे उलथलेत कोण जाणे, नाहीतर हात लावला असता."

कपाट रस्ता ओलांडून गादीवाल्याच्या दुकानात उभं राहिलं. गादीवाला तेव्हा माइकसमोरच होता. "श्रोतेहो, आजच नवं कपाट आलंय," म्हणत त्याने दार उघडलं, आणि घामाने निथळणारा कपाटवाला थेट समोरच्या गादीवर कोसळला.

गादीवाला मुरलेला. माइक पुढे करून म्हणाला, "या! आजचे पाहुणे. कशी वाटली गादी?"

कपाटवाल्याने खोट काढायला पाठ हलवून पाहिली. खोट सापडेना.

"बरी आहे," तो कसाबसा म्हणाला. "पण कपाट उलटं का आणलंत? मी आत डोक्यावर उभा होतो!"

मग तो असा काही सुटला! लाकूड कसं वाळवतात, आत बसल्यावर कळलं की फळी कुठे रुतते, आणि आपला खटका आपल्याच जिवावर कसा उठला, सगळं सांगून टाकलं.

संध्याकाळी तो भाग लोकांपर्यंत पोहोचला. घरी बायको हसून हसून डोळे पुसत होती. त्याची छाती फुगली.

"ऐकलंस?"

"ऐकलं ना! काय गोड बोलतात हो..."

"हं?"

"गादीवाले! तुम्ही एवढे ओरडत होतात, तरी किती शांतपणे विचारत होते बिचारे."

तो न जेवताच उठला.

सकाळी त्याने दुकान उघडलं, तर पायरीवर गादीवाला उभा. चेहरा उतरलेला.

"शेजारी, ते कपाट परत घ्याल का?"

"का? काही खोट निघाली?"

"कपाटात नाही हो. आमची ही कालपासून तुमचाच भाग लावून बसलीय. मी इतकं बोललो, इतकं लिहिलं, बाईच्या ओठाची कड हलली नाही कधी. आणि तुमच्या बोलण्यावर लोळून लोळून हसते!"

कपाटवाल्याने खांद्यावरचं फडकं काढलं, दुकानातली सगळ्यात चांगली खुर्ची पुसली आणि पुढे सरकवली.

"बसा हो, बसा. आणि सावकाश सांगा, नक्की कुठल्या वाक्याला हसल्या?"