पोतनीसकाकांचे दोन प्रोसेसर

सावंतांची चिता अजून नीट पेटलीही नव्हती, तेवढ्यात पोतनीसकाका माझ्याजवळ सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कॉम्प्युटरला दोन प्रोसेसर बसतात तसला मदरबोर्ड घ्यावा, की एकाच प्रोसेसरमध्ये दोन कोअर असतात तो? तुझं काय मत?"

सावंत त्यांचे पत्त्यातले भिडू. मी म्हटलं, "काका, घरी बोलू." तर ते पलीकडच्या माणसाकडे वळले.

काका तळोज्याच्या केमिकल कारखान्यातून रिटायर झालेले. पनवेलला आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. भाजी घेताना, बँकेत, दातांच्या डॉक्टरकडे, कुठेही गेले तरी विषय हाच. कोणी ठाम सल्ला दिला की म्हणायचे, "तसं नक्की सांगता येत नाही."

कॉम्प्युटरवाले इक्बालभाई तर टेकीला आले होते. "काका, दोन प्रोसेसर मोठ्या ऑफिसच्या मशीनला लागतात. तुमी त्यावर करणार काय?"

"पत्ते खेळीन."

"पत्त्यांना दोन कशाला?"

"भिडू गेला ना," काका म्हणाले. आम्हाला हसावं की नाही कळेना.

काकू गेल्या तेव्हा त्यांचा मुलगा नितीन बंगलोरहून निघाला होता. काकांनी त्याची वाट न पाहता सगळं उरकलं. शेवटचं तोंडही बघू दिलं नाही म्हणून नितीनने बोलणंच टाकलं. फोन केला तर ठेवून द्यायचा. मग एकदा काकांनी घाईघाईने विचारलं, "कॉम्प्युटर घ्यायचाय, मदरबोर्ड कुठला घेऊ?" नितीनचं कामच ते. तो बोलत राहिला. तेव्हापासून दर रविवारी त्याचा फोन यायचा. काकूंचा विषय दोघंही काढत नसत.

शेवटी नितीनच कंटाळला. त्याने दोन प्रोसेसर आणि त्यांना चालणारा बोर्ड निवडून कुरियरने पाठवला. रविवारी सकाळी इक्बालभाईंनी काकांच्या घरी बसून सगळं जोडलं. मीही होतो. मशीन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. पंखे घोंघावायला लागले.

"बघा काका, दोन्ही दिसतायत," इक्बालभाई खूश होऊन म्हणाले.

काका स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. इतक्यात फोन वाजला.

"हो, जोडलं," काका म्हणाले. मग जरा थांबून, "नाही रे. एकच प्रोसेसर दिसतोय."

इक्बालभाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. काकांनी आमच्याकडे पाठ केली.

"मशीन बंद करून, दुसरा काढून परत बसवू म्हणतोस? बरं. सावकाश सांग, मला पटकन कळत नाही."

पलीकडून नितीन समजावत होता. काका खुर्चीतून हलले नाहीत, नुसते "हं, हं" करत राहिले. पंख्यांचा आवाज खोलीभर होता, फोनवरही जात असणार. इक्बालभाई पाय न वाजवता उठले आणि त्यांनी मशीन बंद केलं.