दामूअण्णांचा उकडलेला बटाटा

दामूअण्णा लिमये नव्या माणसाला नमस्कार करत नसत, बटाटा फेकून मारत. उकडलेला, गरम, सालासकट. हायडेलबर्गच्या स्टेशनवर मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा माझ्या एका हातात ट्रंक होती, दुसऱ्या हाताने छातीशी धरलेला, आईने दिलेला लोणच्याचा डबा, आणि चेहऱ्यावर जिनोव्याला बोटीतून उतरल्यापासूनची सुतकी कळा. समोर लांब काळा ओव्हरकोट आणि लोकरीची कानटोपी घातलेला एक बुटका गृहस्थ उभा होता.

"गद्रे का?"

मी "हो" म्हणतोय तोवर "झेल!" अशी आरोळी आली आणि काहीतरी वाफाळतं माझ्या छातीवर आपटून पायाशी पडलं. गृहस्थांनी आधी बटाट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आल्झो, ठीक आहे. राइट फील्ड," ते म्हणाले, आणि माझी ट्रंक उचलून चालायला लागले. 'आल्झो' म्हणजे 'बरं तर', एवढं जर्मन मला येत होतं.

रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला आलेल्या माणसाचं जर्मनीत असं स्वागत होतं, हे मला घरी कुणी सांगितलं नव्हतं. मी निमूट त्यांच्या मागे गेलो. दुसरं करणार काय, ट्रंक त्यांच्याकडे होती.

पुढे कळलं की अण्णा हिवाळाभर ओव्हरकोटाच्या दोन्ही खिशांत एकेक गरम बटाटा बाळगत. हात शेकायला. गार झाला की मीठ लावून खायचा. "थंडीत हातमोजे घालतो तो पुढे उपाशी राहतो," असं त्यांचं म्हणणं. अण्णा मूळचे मिरजेचे. लढाई संपल्यावर शिकायला आले, मग एका पंपांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून चिकटले. दिवसा पंप. बाकी सगळा वेळ बेसबॉल.

आता मिरजेचा माणूस आणि बेसबॉल, हे जमलं कसं? तर त्या काळात आमच्या गावात अमेरिकन फौज मुक्काम ठोकून होती आणि त्यांचं रेडिओ स्टेशन होतं. अण्णांच्या घरमालकीणबाई, फ्राउ श्मिट, यांच्या जुन्या रेडिओवर दुसरं काही धड लागतच नसे. अण्णांनी बेसबॉल आधी नुसताच ऐकला. दोन वर्षं ऐकल्यावर मैदान पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते आपल्या कल्पनेपेक्षा वेगळं निघालं म्हणून अमेरिकनांवरच रागावले. मला त्यांनी हा खेळ एका वाक्यात समजावला होता: "विटीदांडू आणि खो-खो यांचं लग्न लावायचं, आणि नवऱ्यामुलाच्या हातात मोठ्ठा हातमोजा द्यायचा." मला तो आजवर याहून जास्त समजलेला नाही.

तिकडचा खेळ ऑक्टोबरात संपायचा. साधा शौकीन तेव्हा रेडिओ बंद करतो. अण्णांचा खरा मोसम मात्र तेव्हा सुरू व्हायचा. हिवाळ्यात अमेरिकेतले संघ खेळाडूंची देवाणघेवाण करतात, जुने काढतात, नवे घेतात. सैनिकांनी वाचून टाकलेली शिळी वर्तमानपत्रं अण्णा मिळवायचे आणि फ्राउ श्मिटच्या स्वयंपाकघरात बसून महिन्यापूर्वीच होऊन गेलेल्या निर्णयांवर कडाडायचे.

"ह्याला घेतला? ह्याला? अरे, कोपर गेलंय त्याचं!"

'कोपर गेलंय' हा अण्णांचा शेवटचा शब्द. शेगडी पेटली नाही, कोपर गेलंय. माझ्या प्रोफेसरांनी प्रबंध परत पाठवला, त्यांचं कोपर गेलंय. एकदा फ्राउ श्मिटनी वैतागून विचारलं की 'हेर', म्हणजे मिस्टर, लिमये रोज कुणावर ओरडतात. मी सांगितलं, अमेरिकेतल्या एका संघाच्या मालकावर. "त्याला ऐकू जातं का?" म्हणाल्या. मी म्हटलं, जात असतं तर बिचाऱ्याने केव्हाच धंदा बंद केला असता.

अण्णांचा स्वतःचाही एक संघ होता, आणि दुर्दैवाने मी त्यात होतो. आम्ही सगळे हिंदी विद्यार्थी. उन्हाळ्यात रविवारी अमेरिकन छावणीच्या मागच्या कुरणावर आमची गाठ त्यांच्या भटारखान्याच्या संघाशी पडायची. म्हणजे आचाऱ्यांशी. हे आचारी पोट सांभाळत हसत हसत यायचे, आम्हाला धुऊन काढायचे आणि नंतर दया येऊन सॉसेज खाऊ घालायचे. आमच्यातले शाकाहारी नुसतेच हरून परतायचे.

आम्ही हरायचो कारण आमच्या हाडामांसात क्रिकेट होतं. चेंडू मारला की बॅट टाकून पळायचं, हे अण्णांनी हजारदा सांगितलं. तरी आम्ही बॅट घेऊनच पळायचो आणि पुढच्या बेसपाशी पोचलो की ती पुढे सरकवून टेकवायचो. मी तर एकदा कमालच केली. चेंडू जरासा बाहेरून जातोय असं वाटलं, म्हणून बॅट खांद्यावर उचलून, डावा पाय पुढे टाकून, मान वळवून तो असा देखणा सोडला की कॉलेजात टाळ्या पडल्या असत्या. पुढचाही सोडला. त्याच्या पुढचाही सोडला. बेसबॉलमध्ये असे तीन चांगले चेंडू सोडले की माणूस बाद होतो. मी मान ताठ ठेवून परत आलो.

"गद्रे," अण्णा शांतपणे म्हणाले, "तू देवदर्शनाला आला होतास का?"

तरीही मी राइट फील्ड होतो आणि मला त्याचा भारी अभिमान होता. राइट फील्ड ही मैदानाच्या कडेची जागा. चेंडू तिकडे क्वचित येतो, आणि आला तर सगळ्यांनाच वाईट वाटतं. पण घरी पत्र लिहिताना हे सांगायची काय गरज? "येथील संघात माझी निवड झाली आहे" एवढंच मी कळवलं. वडिलांनी शेजारीपाजारी पेढे वाटले. अण्णांनी स्टेशनवरच माझ्यातलं काहीतरी हेरलं, बहुधा खांदा, अशी माझी पक्की समजूत होती. लहानपणी मी कैऱ्या पाडायचो. ते लपत नाही, असं मी स्वतःला सांगत असे.

खांद्याची समजूत अगदीच हवेतली नव्हती. कुणी नवा मुलगा येणार असं कळलं की अण्णा कारखान्यातून रजा काढून स्टेशन गाठायचे. "खांदा बघ, गद्रे, खांदा! चेहऱ्यात काय ठेवलंय?" असं वाटेत मला सांगायचे. दर हिवाळ्यात आमचे दोनतीन खेळाडू पदवी घेऊन मायदेशी जायचे. ज्याला एवढं शिकवलं तो गेला, की अण्णा आठवडाभर कुणाशी बोलत नसत. मग नव्याच्या शोधाला लागत. आम्ही विचारायचो, "अण्णा, तुम्ही केव्हा जाणार घरी?" ठरलेलं उत्तर यायचं, "पुढच्या सीझननंतर." मी असेपर्यंत ते एकदाही गेले नाहीत. मिरजेचा विषय निघाला की त्यांना रेडिओ लावायची आठवण व्हायची.

माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात मोहिते आला. पुण्याच्या कॉलेजचा तेज गोलंदाज, सहा फूट उंच. स्टेशनवर अण्णांनी नेहमीचा बटाटा फेकला. मोहित्याने एक हात खिशातच ठेवून दुसऱ्या हाताने तो वरच्या वर टिपला, सोलला आणि खाऊन टाकला. वर "मीठ आहे का?" म्हणाला. मी मनाशी म्हटलं, हा नक्की माझ्या जागेवर येणार.

त्याच आठवड्यात भिडे आला. चष्मा, मफलर, आणि मफलरवर आणखी एक मफलर. बटाटा त्याच्या हातातून निसटला, बुटावर पडून फुटला, आणि तो वाकून त्या बटाट्यालाच "सॉरी, सॉरी" म्हणाला.

त्या वर्षी जागा एकच रिकामी होती. म्हणजे हिशेब सरळ होता. रिकाम्या जागेवर मोहिते, आणि फार तर माझ्या जागेवर भिडे, कारण माझ्यापेक्षा वाईट खेळणं त्यालाही जड गेलं असतं. मी त्या दिवसांत प्रयोगशाळेत दोन चंचुपात्रं फोडली. हसू नका. परक्या गावात रविवारी कुठे जायचं हे ज्याला ठाऊक असतं, त्यालाच त्या रविवारची किंमत कळते. प्रबंध लांबला असता तर चाललं असतं, पण राइट फील्ड जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

फ्राउ श्मिटच्या स्वयंपाकघरात खिचडीच्या पातेल्याभोवती आम्ही सगळे जमलो. अण्णांनी कानटोपी काढली. निवड जाहीर करताना ते टोपी काढत.

"भिडे आला," ते म्हणाले. "बाकी संघ तोच."

मग एकच गलका झाला. "अण्णा, मोहिते?" "अहो, तो एकटा आचाऱ्यांना लोळवेल!" मला आनंद व्हायला हवा होता, पण माझ्यातला न्यायाधीश नको तेव्हा जागा होतो. मी उठून म्हटलं, "अण्णा, मला काढा आणि त्याला घ्या." मनात म्हणत होतो, देवा, अण्णांनी हे ऐकू नये.

"खाली बस. खिचडी गार होतेय," अण्णा म्हणाले.

सगळे गेल्यावर मी भांडी घासायला थांबलो आणि विषय काढला. "अण्णा, खांदा खांदा म्हणता, मग मोहित्याच्या खांद्याला काय झालं होतं?"

"काही नाही. सुरेख खांदा. असा खांदा मी इथे पाहिला नाही."

"मग?"

अण्णांनी पातेलं पुसायला घेतलं. "हे बघ, ज्याला बटाटा झेलता येतो त्याचं लक्ष ठिकाणावर असतं. तो इथे पोचलेला असतो. मोहित्याला वर्गातल्या जर्मन पोरांनी पहिल्याच दिवशी बियर प्यायला नेलं. त्याला संघापुरती नऊ माणसं कुठेही मिळतील. ज्याच्या हातून पडतो ना, तो अजून घरीच असतो. नुसता देह गाडीतून उतरतो. अशा माणसाला रविवारी एकटं सोडायचं नसतं."

मी हातातली ताटली तशीच धरून उभा राहिलो. मग हळूहळू उजेड पडला.

"म्हणजे मी... माझा खांदा..."

"तुझा खांदा?" अण्णा मनापासून हसले. "अरे, तू लोणच्याचा डबा छातीशी धरून रडवेला उभा होतास. म्हटलं, ह्याला घेतलाच पाहिजे."

झालं! वडिलांचे पेढे, माझ्या कैऱ्या, सगळं एका वाक्यात पाण्यात गेलं. मग त्या भटारखान्यासमोर आम्ही वर्षानुवर्षं का लोळत होतो, हेही कळलं. अण्णांनी अख्खा संघच हातातून बटाटे पडलेल्यांचा उभा केला होता. इतका वाईट संघ योगायोगाने जमतच नाही. मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि घरी जाताना पुलावर डोळे भरून आले. वाऱ्याने असेल असं तेव्हा म्हटलं होतं. वाऱ्याने नव्हतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात माझी डॉक्टरेट झाली आणि हॅम्बर्गला रंगांच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली. अण्णांना सांगायचं कसं याचा मी फार विचार केला. सांगितलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

"हॅम्बर्गात पाऊस फार," म्हणाले. "मैदान वाळत नाही तिथलं. कोपर गेलेलं गाव आहे."

मग त्यांच्या पद्धतीप्रमाणे ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

निघायच्या दिवशी दुपारी मात्र स्टेशनवर हजर. तोच ओव्हरकोट, तीच कानटोपी. माझी ट्रंक त्यांनीच उचलून डब्यात चढवली. वाटेत खायला म्हणून गरम बटाटे कागदात बांधून आणले होते, मिठाची पुडी वेगळी. मी खिडकीची काच खाली केली. ते फलाटावर दोन्ही हात खिशात घालून उभे राहिले.

"एक लक्षात ठेव, गद्रे. तुला संघातून सोडलेला नाही. हॅम्बर्गला उसना दिलाय."

"हो, अण्णा."

"राइट फील्डला नवा कुणी घेणार नाही मी."

"मग आठ जण खेळणार?"

"तू असताना तरी किती जण खेळत होतो?"

मी हसलो. तेही हसले, पण ते हसू चेहऱ्यावर टिकेना. माझ्या मांडीवर बटाट्यांचा पुडा होता. त्यातला एक काढला आणि ओरडलो, "अण्णा, झेला!"

हा माणूस पाठमोरा असतानाही आम्ही भिरकावलेला चेंडू वळून झेलायचा. त्याच्या हातून काही पडलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं, तर त्याच्याकडे आपण होऊन बटाटा फेकायचं आमच्यापैकी कुणाला कधी सुचलंही नव्हतं. सोपा होता, अगदी पोटावर. अण्णा माझ्याकडेच बघत होते, पण हात खिशातून निघालेच नाहीत. बटाटा कोटाच्या बटणावर आपटला आणि फलाटावर पडला.

अण्णांनी खाली बघितलं. मग वर बघितलं. एवढी वर्षं जर्मनीत काढलेला, फ्राउ श्मिटशी झोपेतही जर्मनमध्ये भांडणारा माणूस, लोणच्याचा डबा छातीशी धरलेल्या मुलासारखा दिसत होता.

शिट्टी झाली. गाडी हलली.

"आल्झो, ठीक आहे!" मी खिडकीतून निम्मा बाहेर झुकून ओरडलो. "राइट फील्ड! अण्णा, तुम्हाला घेतलं! नाताळात हॅम्बर्गला यायचं! ऐकलंत का? नाताळात!"

त्यांनी कानटोपी काढली आणि हातात धरली. मग वाकून बटाटा उचलला, कोटाला पुसला आणि खिशात ठेवला.

नाताळात ते आले. माझ्या दारात उभे राहून पहिलं वाक्य म्हणाले ते असं, "मीठ आहे का?"