ओढ्यापासून सुरक्षित अंतरावरचा पूल

बांधकामात सिमेंटपेक्षा विश्वासाला महत्त्व असते. सिमेंट कमी पडले तर वाळूवर भागते. विश्वास कमी पडला तर तीन प्रतींत कागद लागतो.

सांगलीचे कंत्राटदार भरतेश मगदूम यांना पाटणजवळच्या एका वाडीतल्या ओढ्यावर पूल बांधायचे काम मिळाले. आयुष्यातला पहिलाच पूल. आजवर त्यांनी तीन स्मशानशेड बांधल्या होत्या. (वापरणाऱ्यांपैकी एकाचीही तक्रार नव्हती.) बांधकाम खात्याने विमा कंपनीची हमी मागितली, म्हणजे मगदुमांनी काम बिघडवले तर खात्याला भरपाई कंपनी देणार.

कंपनीचे साईराज साहेब जागा पाहायला आले.

"इथं धोका कशाचा?"

"पाण्याचा," मगदूम प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग पाणी नाही तिथं बांधा की."

मगदूम हसले. साहेब हसेनात, तेव्हा मगदुमांनी हसू आवरले. कंपनीने शंभर पुलांचा अभ्यास केला होता. नव्व्याण्णव पाण्यावर होते आणि पडले होते. शंभरावा फक्त कागदावर होता, तो आजही भक्कम आहे. खात्याचीही हरकत नव्हती. निविदेत 'पूल बांधणे' एवढेच होते, ओढा 'अंदाजे जागा' या रकान्यात होता.

पूल तीनशे मीटर वर, गायरानात उभा राहिला. मगदुमांनी तो जीव ओतून बांधला. पलीकडच्या गावात दूध घालणाऱ्या रंगूबाई किटली घेऊन थबकल्या.

"आवं सायेब, वढा तिकडं हाय!"

"व्हय मावशी. पर विमा हिकडं हाय."

"आन् पावसाळ्यात आमी जायाचं कसं?"

हा प्रश्न अर्जात नव्हता. मगदुमांनी खाली मान घालून कठड्याला रंगाचा आणखी एक हात मारला.

आषाढात ओढा फुगला. वाडीचा जुना लाकडी साकव वाहून गेला. पूल तसूभरही हलला नाही. कंपनीने अभिनंदनाचे पत्र धाडले. ते मगदुमांच्या हातात पडले त्याच दिवशी रंगूबाईंची सून पूजा हिला कळा सुरू झाल्या आणि दवाखाना पलीकडे होता. मगदूम दोन गवंडी आणि एक दोर घेऊन छातीभर पाण्यात उतरले. पूजाला बाजेवर घालून पलीकडे नेले. मुलगी झाली. मगदूम काठावर बसून लहान पोरासारखे रडले.

आठवड्यात नोटीस आली: हमीच्या मुदतीत कंत्राटदार पाण्यात उतरला, अट एकोणीसचा भंग, हमी रद्द. हमी नाही म्हणून खात्याने मगदुमांना काळ्या यादीत टाकले.

"ही अट मी वाचलीच न्हाई वो!" मगदूम फोनवर कळवळले.

"'सर्व अटी वाचल्या व मान्य आहेत', याखाली सही आपलीच ना?" साईराज साहेबांनी नम्रपणे विचारले.

सही त्यांचीच होती.

वाचकांना मगदुमांचे हसू येईल. खुशाल हसावे. हसून झाल्यावर आपल्या घरातली कुठलीही पॉलिसी काढून शेवटचे पान उघडावे. वाक्य तेच आहे. फक्त खालची सही मगदुमांची नाही.